मालवणला मोरी गरवायला जायचंय: बोट ठरवण्याआधी काय बघायचं, काय विचारायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातले सहा जण, रंकाळा आणि पंचगंगेवर गळ टाकायची चांगली सवय, समुद्राचा अनुभव शून्य. डिसेंबरात मालवणला एक दिवस माहीतगार तांडेलासह (बोट चालवणारा प्रमुख) बोट घ्यायची आणि मोठी मोरी, म्हणजे शार्क, पकडायची. एका एजंटाने ‘शार्क गॅरंटी’ सांगून निम्मे पैसे आगाऊ मागितलेत. द्यावेत का, आणि बोट नेमकी ठरवायची कशी?

पैसे देऊ नका. गरीला, म्हणजे गळाच्या आकड्याला, काय लागेल याची हमी समुद्रात कोणी देत नाही, आणि जो देतो तो एकतर समुद्रावर जात नाही किंवा जाळ्यात आलेली मोरी तुमच्या हातात देऊन फोटो काढून देणार आहे. बोट, तांडेल, तारीख आणि वेळ या चार गोष्टी पैसे देऊन ठरवता येतात. मासा त्यात येत नाही.

आधी अपेक्षा जमिनीवर आणू. किनाऱ्यापासून ८-१० किलोमीटरच्या आत, दहा-बारा वाव पाण्यात (१८ ते २२ मीटर) जी मोरी लागते ती बहुतेक लहान असते. बाजारात टोपलीत दिसते ती चपट्या टोकदार नाकाची मुशी पाऊण मीटरच्या आतच थांबते. तिच्याहून थोड्या मोठ्या, मीटरभर लांबीच्या जाती खडपाच्या कडेला आणि खाडीच्या मुखाशी मिळतात. परांची, म्हणजे पोहायच्या पंखांची, टोकं काळी असलेली ब्लॅकटिप दीड मीटरच्या पुढे जाते, पण एका दिवसाच्या फेरीत ती दिसलीच तर नशीब म्हणायचं. त्यामुळे बोट ठरवताना ‘सुरमई, बरॅकुडा, तांबोशी, आणि भरतीच्या वेळी दोन तास मोरीसाठी’ असाच बेत ठरवा. निव्वळ मोरीसाठी आठ तास बसलात तर सहापैकी चार जण दुपारपर्यंत कंटाळून मोबाईल बघत बसतील.

दुसरं आमिष तुम्हालाच लावलं जातं ते आंग्रिया बँकेचं. तिथे शार्क आहेत हे खरं. पण ही प्रवाळाची उंचवट जागा विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटर आत, राज्याच्या १२ सागरी मैलांच्या हद्दीच्या कितीतरी बाहेर आहे. ताशी २० किलोमीटरने जाणाऱ्या फायबर बोटीला फक्त पोचायला पाच तासांहून जास्त लागतात आणि परतायला तेवढेच. एका दिवसात ‘आंग्रिया करून आणतो’ म्हणणाऱ्याकडे इंधनाचा हिशेब विचारा. ४० अश्वशक्तीचं एक आउटबोर्ड इंजिन पूर्ण वेगात तासाला साधारण १५ लिटर पितं. म्हणजे जाऊन-येऊन दीडशे लिटर, वर राखीव साठा वेगळा. एवढं पेट्रोल आणि वर आठ माणसं त्या बोटीत मावतच नाहीत.

आता कायदा, कारण इथे हौशी मंडळी खरी अडकतात. आपल्याकडे मोरी पकडायला सरसकट बंदी नाही. पण वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या यादीत २००१ पासून व्हेल शार्क, तीन प्रकारचे करवत मासे, पाँडिचेरी शार्क, गंगेतला शार्क आणि मोठा गिटारफिश असे मासे आहेत. २०२२ च्या दुरुस्तीने यादी वाढली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी किमान ३ आणि कमाल ७ वर्षं कैद आहे, आणि ‘गरीला आपोआप लागला’ हे कारण मासा बोटीत घेतल्यावर चालत नाही. पर कापून धड फेकून देणं २०१३ पासून बंद आहे. मोरी आणायचीच तर पर अंगाला असलेलीच आणायची. परांची निर्यातही २०१५ पासून बंद आहे. हातोडीसारख्या डोक्याची मोरी लागली तर जात कोणती याचा वाद न घालता लगेच सोडा. तिच्या दोन मोठ्या जाती जगभर नामशेष होण्याच्या टोकावर आहेत आणि ती झुंजीत इतकी थकते की उशिरा सोडली तर वाचत नाही.

जागेचंही बंधन आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती १९८७ साली जाहीर झालेलं सुमारे २९ चौरस किलोमीटरचं मालवण सागरी अभयारण्य आहे. त्याच्या गाभा क्षेत्रात गरी टाकायची नाही, आणि जिथे स्कूबा-स्नॉर्कलिंगवाले पाण्यात असतात तिथे आमिषाचं रक्त-तेल पाण्यात सोडायचं नाही. चांगला तांडेल हे स्वतःहून सांगतो. तुम्ही विचारल्यावर ‘काय होतंय हो, सगळे टाकतात’ असं उत्तर आलं तर दुसरा बघा.

बोटीची पाहणी पैसे देण्याआधी, जमलं तर आदल्या संध्याकाळी बंदरावर जाऊन करा. मासेमारीचा परवाना असलेल्या बोटीला पर्यटक नेण्याचा परवाना असतोच असं नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. प्रवासी वाहतुकीचा परवाना महाराष्ट्र मेरीटाईम बोर्ड देतं, त्यावर माणसांची कमाल संख्या लिहिलेली असते. त्या संख्येत तांडेल आणि खलाशी धरून तुम्ही बसता का ते मोजा. सहा जण आणि वर दोघे म्हणजे आठ. लाइफ जॅकेट आठ हवीत, मापाची, बक्कल चालू असलेली. छताला गाठोडं करून बांधून ठेवलेली जॅकेटं म्हणजे नसल्यात जमा. इंजिन एकच असेल तर दुसरं छोटं इंजिन किंवा किमान वल्ही, नांगर आणि पुरेसा दोर आहे का बघा. व्हीएचएफ वायरलेस असेल तर उत्तम, संकटाचं चॅनल १६. मोबाईलची रेंज आत गेल्यावर भरवशाची नसते. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये आधीच टाका. सहा गळवाल्यांना २८ फुटी बोटीवर एकदम चार रॉडच्या वर टाकता येत नाहीत, आणि मोरीसाठी बसलात की दोनच. बाकीच्यांनी पाळी लावायची. हे आधीच ठरलेलं बरं, नाहीतर दोऱ्यांचा गुंता आणि माणसांचा गुंता एकदमच होतो.

फोनवर सगळं ‘हो हो’ होतं आणि बंदरावर ‘तसं बोललोच नव्हतो’ होतं. म्हणून तांडेलाला हा मजकूर लिहून पाठवा आणि लेखी उत्तर आल्यावरच आगाऊ रक्कम द्या:

‘नमस्कार दादा. आम्ही सहा जण, अमुक तारीख, सकाळी ६ ला बंदरावर. बोटीची लांबी आणि इंजिनं किती? प्रवासी परवान्यावर माणसं किती लिहिली आहेत? परवान्याचा फोटो पाठवाल का? भाड्यात इंधन, आमिष, बर्फ, रॉड-रील आणि खलाशी धरले आहेत का? किती तास, बंदर सोडल्यापासून की पहिली गरी टाकल्यापासून? वाऱ्यामुळे निघता आलं नाही तर आगाऊ परत की तारीख बदलून? अर्ध्यातून परतावं लागलं तर? मोरी लागली तर सोडायची आहे, तुमच्याकडे तार कापायची पक्कड आहे का? धरलेला मासा कोणाचा?’

शेवटचा प्रश्न फुकटचा वाटतो, पण भांडण बहुतेक त्यावरूनच होतं. काही ठिकाणी मोठी सुरमई बोटवाल्याची आणि बाकी पाहुण्यांची असा रिवाज असतो. आगाऊ म्हणून एक चतुर्थांशाच्या वर देऊ नका, आणि ती रक्कम एजंटाच्या नव्हे, बोटमालकाच्या खात्यावर द्या.

तारीख सुट्टीवरून ठरवू नका, तिथीवरून ठरवा. मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै असते (त्या वर्षीचा आदेश बघून घ्या), आणि पर्यटक बोटी साधारण मेअखेर ते ऑगस्टअखेर बंद असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा चांगला काळ. सकाळी जमिनीवरून मतलई वारा असतो, पाणी सपाट असतं. दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा चढतो आणि लहान बोट आपटायला लागते. म्हणून सहाला बाहेर आणि एकच्या आत परत, असाच दिवस घ्या.

भरतीची वेळ काढायची जुनी युक्ती म्हणजे तिथीची पाऊणपट. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती. जागेनुसार अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला ओढ इतकी असते की दोनशे ग्रॅमचं शिसंही तळाला टिकत नाही, दोऱ्या बोटीखाली जातात. अष्टमीच्या भांगाला उलट पाणी मेल्यासारखं असतं. नवख्यांसाठी दशमी ते द्वादशी सर्वात बरी. साडेसात ते नऊच्या दरम्यान भरती पूर्ण होते, तुम्हाला चढत्या पाण्याचे शेवटचे दोन तास मिळतात आणि मग ओहोटीचा पहिला तासही, ज्या वेळी खाडीतला लहान मासा पाण्याबरोबर बाहेर ओढला जातो आणि मोरी मुखाशी येते. एकादशीला घरातून मासे धरायला परवानगी मिळणार नाही, हा प्रश्न तुमचा तुम्ही सोडवा.

ओहोटीचा आणखी एक हिशेब आहे. देवबागला कर्ली नदीच्या मुखासारख्या जागी पाणी उतरलं की वाळूच्या दांड्यावर लाटा फुटतात. बाहेर जाणाऱ्या पाण्यावर समुद्राची लाट चढते आणि बोट आडवी पडायची भीती तिथेच जास्त. तांडेल ‘आता निघूया’ म्हणाला की गरी पाण्यात असली तरी निघायचं. आदल्या रात्री हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी केंद्राचा लाटांचा अंदाज बघा. लाट दीड मीटरच्या वर किंवा वारा ताशी २५ किलोमीटरच्या वर दाखवत असेल तर फिशकरी खाऊन परत या.

साहित्य. रंकाळ्यावरचा रॉड घरी ठेवा. मीटर-दीड मीटरच्या मोरीसाठी ३० ते ५० पौंडाचा साडेसहा-सात फुटी बोट-रॉड, ८००० ते १०००० आकाराचं रील, त्यावर ५० पौंडाची वेणीदार दोरी किमान ३०० मीटर. तिच्यापुढे १०० पौंडाची जाड नायलॉन दोरी दोन-अडीच मीटर. ही लांबी उगाच नाही. मोरीची कातडी पॉलिश पेपरसारखी खरखरीत असते आणि ती शेपटीने दोरी झोडपते, म्हणून जाड दोरी माशाच्या अंगापेक्षा लांब हवी. शेवटी दातांसाठी ४५ ते ६० सेंटिमीटर स्टीलची बहुपदरी तार, १०० ते १५० पौंडाची. तार साध्या गाठीने बांधू नका. तार जोडायची धातूची क्रिंप नळी योग्य मापाची आणि दोन जागी दाबलेली असावी. तारेला एकदा मुरड पडली की ती बदलायचीच, कारण पुढचा मासा तिथेच तोडतो. ‘मासा लागला होता पण तुटला’ यातल्या निम्म्या कहाण्या या मुरडीच्या असतात.

गरी गोल वळणाची, म्हणजे सर्कल हुक, ७/० ते ९/०, टोक बाजूला न वळवलेली आणि साध्या पोलादाची. स्टेनलेस नको. दोरी तोडावी लागली तर साधी गरी गंजून पडते, स्टेनलेस तोंडात राहते. गरीच्या टोकामागचा उलटा काटा पकडीने दाबून टाका. शिसं १०० ते २०० ग्रॅमचं, नायलॉनवर मोकळं सरकणारं, म्हणजे माशाला ओढताना वजन जाणवत नाही. आमिष ताजा बांगडा किंवा तारली. बांगड्याचं डोकं आणि पुढचा अर्धा भाग तिरका कापून गरी ओठातून काढायची, टोक उघडं ठेवायचं. आमिषात टोक गाडलं की सर्कल हुक लागतच नाही. बर्फात दोन दिवस राहिलेला बांगडा गळून पडतो, म्हणून पहाटे बंदरावरच घ्या. अर्धा किलो तारली ठेचून जाळीच्या पिशवीत बोटीमागे टांगली की तेलाचा माग लागतो. अभयारण्य आणि पोहणारे सोडून, हे वर सांगितलंच.

रीलचा ड्रॅग, म्हणजे दोरी सुटताना लागणारा ब्रेक, हातानेच अंदाजे ठेवू नका. दोरीला स्प्रिंगचा काटा लावून ओढा आणि ६-७ किलोला दोरी सुटेल असा बसवा, म्हणजे दोरीच्या ताकदीचा साधारण तिसरा भाग. पूर्ण घट्ट ड्रॅगवर पहिल्याच धावेत काहीतरी तुटतं: दोरी, क्रिंप किंवा रॉडचं टोक.

आता तळ्यावरच्या माणसाची सवय आड येते. टोक हललं की हिसका मारायचा हे हाताला लागलेलं असतं. सर्कल हुकवर हिसका मारला की गरी तोंडातून निसटून बाहेर येते. टोक वाकू द्या, दोरी सुटायला लागू द्या, मग हिसका न देता फक्त रील फिरवत दोरी ताणा. गरी सरकत जबड्याच्या कोपऱ्यात बसते. उलट, साधी गरी वापरून ‘नीट गिळू दे’ म्हणून थांबलात तर ती पोटात जाते आणि मोरी सोडली तरी मरते.

बोटीजवळ आल्यावर दोरी हाताला गुंडाळायची नाही, कधीच नाही. वेणीदार दोरी बोटाचं मांस हाडापर्यंत कापते. जाड नायलॉन पकडणाऱ्या एकानेच जाड हातमोजा घालायचा, बाकीच्यांनी मागे व्हायचं. मासा वर ओढायचा आकडा (गॅफ) मारायचा नाही. शेपटीला धरून उचलायचं तर मुळीच नाही. मोरीला हाडं नसतात, कूर्चा असते. पाण्याबाहेर उलटी टांगली की आतले अवयव स्वतःच्या वजनाने ताणले जातात. पोहत गेलेली मोरीसुद्धा त्यामुळे नंतर मरू शकते. पाण्यातच, बोटीच्या कडेला ठेवून फोटो काढा, मिनिटाभरात. गरी लांब दांड्याच्या पकडीने निघाली तर ठीक, नाहीतर तार गरीजवळ कापा आणि झालं. सुस्त असेल तर तोंड प्रवाहाकडे करून धरा, कल्ल्यांतून पाणी गेलं की अंग घट्ट होतं आणि शेपटी स्वतःच झटका देते. मग सोडा. एवढं सगळं का, तर मोठ्या मोरीला वयात यायलाच अनेक वर्षं लागतात आणि पिल्लं थोडी. सर्वात मोठी लागते ती बहुतेक मादीच असते.

व्हेल शार्क किंवा कासव जाळ्यात आलं आणि मच्छीमाराने जाळं कापून सोडलं तर सरकार जाळ्याची भरपाई देतं, त्यामुळे किनाऱ्यावरचे बरेच तांडेल सोडण्याला नावं ठेवत नाहीत. नावं ठेवणारे असतात ते बहुतेक शहरातले पाहुणे.

उलटीचं म्हणाल तर आदल्या रात्री तांबडा-पांढरा आणि त्यावर पार्टी हा कोल्हापुरी कार्यक्रम परतल्यावर ठेवा. पहाटे कोरडी चपाती किंवा केळं, आणि डॉक्टरांना विचारून अ‍ॅव्होमिनसारखी गोळी निघायच्या तास-दीड तास आधी. उलटी सुरू झाल्यावर गोळी घेऊन उपयोग नाही. गोळीने झोप येते, म्हणून ती घेणाऱ्याने परतीला गगनबावड्याचा किंवा फोंड्याचा घाट चालवायचा नाही. रात्रभर गाडी चालवून थेट बोटीवर चढणं टाळा. आदल्या दिवशी दुपारी निघून मालवणात झोपा. मूळ आधार कार्ड जवळ ठेवा, बंदरावर नावं लिहून घेतली जातात.

खरोखर मोठीच मोरी हवी असेल आणि कोणाचा मुलगा किंवा भाऊ फ्लोरिडात असेल, तर तिथे हा धंदा रीतसर चालतो. कॅप्टनकडे कोस्ट गार्डचा परवाना असतो, साध्या परवान्यावर सहा पाहुणे नेता येतात, आणि मासेमारीचा परवाना बोटीच्या परवान्यातच धरलेला असतो. हॅमरहेड, टायगर आणि लेमन शार्क तिथे ठेवायला बंदी आहे. बुल शार्क किमान ५४ इंचांचा हवा. ज्या जाती ठेवता येतात त्यातही माणशी दिवसाला एक आणि बोटीला जास्तीत जास्त दोन. फेऱ्या चार, सहा, आठ तासांच्या. जाहिरातीतल्या भाड्यावर मदतनिसाची १५-२० टक्के बक्षिसी द्यायचा रिवाज आहे, ती धरूनच हिशेब करा.

आणि मालवणातून एखादी लहान मुशी घरी आणायची असेल तर ती लागल्या लागल्या कल्ल्याजवळ कापून रक्त काढा, पोट साफ करा आणि थर्मोकोलच्या पेटीत माशाच्या वजनाएवढा बर्फ घाला. मोरीच्या रक्ता-मांसात युरिया असतो. उन्हात राहिली की त्याचा अमोनिया होतो आणि घाटात गाडीच्या काचा उघड्या ठेवाव्या लागतात. मोठ्या मोरीच्या मांसात पारा जास्त साठतो, ते गरोदर बाई आणि लहान मुलांना देऊ नये. लहान मुशीचं कोल्हापुरी मसाल्यात मटणासारखं कालवण उत्तम होतं, फक्त कातडी काढायला गरम पाणी आणि खरवडायला घासणी लागते, धारदार सुरीने तिथे काम होत नाही.